तानुबाईचा अंगठा

"मामा, त्यांस्नी येवढंच इचारा, येणार का न्हाई येणार! जास्ती बोलू नगा... यष्टी गाठायची हाय आपल्याला!"

कराडजवळच्या मलकापुरात हमरस्त्याला लागून असलेल्या एका खाणावळीच्या बाजूला तानुबाई राखेनं पातेली घासत बसली होती. रस्त्याच्या पलीकडून आलेला तो आवाज तिच्या कानी चार वर्षांनी पडत होता, तरी पहिल्या शब्दालाच तिनं तो ओळखला आणि हातातलं पातेलं हातातच राहिलं. अर्जुना! तिचा धाकटा दीर... दीर कसला, लेकच म्हणायचा! सासू गेली तेव्हा सहा वर्षांचं ते पोर तिच्या पदरात पडलं, आणि माणदेशाच्या उजाड माळावर मेंढरांमागं हिंडताना तिनं त्याला कडेवर घेऊन कोसच्या कोस तुडवले. स्वतःची कूस उजवली नाही, पण त्याचं दुःख तिनं कधी उगाळलं नाही, कारण अर्जुना होता ना! आणि तोच अर्जुना आज वीस पावलांवर, तिच्याकडं पाठ करून उभा होता आणि तिला 'त्यांस्नी' म्हणत होता. 'वैनी, भाकर दे की गं,' म्हणून पदर ओढणारं पोर ते... शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं!

"बसा म्हणायला घोंगडं न्हाई मामा... ह्या पोत्यावर टेका," ती समोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला म्हणाली.

ज्योतिबामामा टेकले. सांगलीच्या हळदीच्या पेवांत चढउतार करण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि आता हमालांच्या युनियनचे ते म्होरके होते. अर्जुना त्यांचा उजवा हात. गेले चौदा दिवस संपामुळं पेवांवरचं काम बंद होतं, हे मामांच्या खोल गेलेल्या डोळ्यांवरूनच दिसत होतं.

"तानुबाई, उद्याच्याला कामगार हापिसातल्या सायेबाफुडं सुनावणी हाय," मामा म्हणाले. "जतची, आटपाडीची, माणची, आपल्या दुष्काळी भागातली त्रेचाळीस माणसं पेवात उतरत्यात. ती कामगार म्हणून सरकारी वहीत चढणार का न्हाई, त्येचा निकाल. चढली तर बिल्ला मिळंल, मेल्या-पडल्याला इचारणारं कुणी आसंल. पेढीवालं म्हणत्यात, ही उपरी माणसं, आज आली, उद्या गेली, आमचा ह्यांचा संबंधच काय! आन् पुरावा म्हणून काय फुडं केलंय, ठावं हाय का?"

"ठावं हाय," तानुबाई खाली बघत म्हणाली. "माझा अंगठा."

ठावं नसायला काय झालं? त्या अंगठ्यानं तर तिचा संसार, तिची अब्रू आणि तिचा अर्जुना, सगळं एका दमात पुसून नेलं होतं!

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं संपली, विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा तानुबाई, तिचा नवरा धुळा आणि अर्जुना अशी तिघं सांगलीला आली आणि हरिपूरच्या वाटेवरच्या पेवांवर कामाला लागली. पेव म्हणजे जमिनीखालची कोठीच. तोंड एका माणसापुरतं, आतलं पोट रांजणासारखं फुगलेलं, खोली पंधरा-पंधरा हात. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की माल वर्षानुवर्षं टिकतो, पण आत जी वाफ कोंडते ती माणसाला जित्ती सोडत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी पेव उघडायचं, रात्रभर तोंड मोकळं ठेवायचं आणि सकाळी आत कंदील सोडून बघायचा. ज्योत टिकली तरच माणसानं उतरायचं. ही तिथली रीत. जुन्या माणसांना ती अंगवळणी पडलेली, आणि नव्यांना समजावून सांगायला कुणाला सवड होती!

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पेढीच्या दिवाणजीनं एक पेव उघडवलं आणि राखणीला अठरा वर्षांच्या अर्जुनाला बसवलं. राखणीला तो नवाच होता. दिवस बुडतो न बुडतो तोच वळवाचं आभाळ भरून आलं, चार टपोरे थेंब पडले, आणि त्या शहाण्या पोराला वाटलं, मालकाची हळद भिजली तर बोल दादाला लागायचा! त्यानं पेवाच्या तोंडावर ताडपत्री ओढली, चारी कडांना दगड ठेवले, आणि रात्रभर डोळ्याला डोळा न लावता तो शेजारी बसून राहिला. सकाळी तानुबाई न्याहारी घेऊन गेली तेव्हा तो ताडपत्रीची घडी घालत होता. 'किती जबाबदारीचं झालं गं बाई माझं पोर!' म्हणून तिनं त्याच्यावरून बोटंसुद्धा मोडली होती... काय म्हणावं त्या नशिबाला!

पेवापाशी लॉरी खोळंबलेली. "रात्रभर उघडंच होतं ना? मग कंदील कशाला नाचवता? उतरा, उतरा!" दिवाणजी ओरडला. धुळानं कमरेला दोर बांधला, भावाकडं बघितलं. "अर्जुना, उघडंच हुतं न्हवं रं?" आणि अर्जुना म्हणाला, "व्हय दादा." त्याच्या दृष्टीनं ते उघडंच होतं. तोंडावरची माती तर त्यानं स्वतः काढली होती!

धुळाला वर ओढला तेव्हा त्याच्या अंगाला हळद लागलेली होती आणि अंगात जीव नव्हता.

नदीकाठी चिता पेटल्यावर ज्योतिबामामा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले होते, "रातभर उघडं आसतं तर वाफ ऱ्हातीच कशी? कुणीतरी तोंड झाकलं आसणार." तानुबाईला सकाळची ती ताडपत्रीची घडी आठवली! तिनं अर्जुनाकडं पाहिलं. तो दगडासारखा बसला होता, डोळ्यांत टिपूस नव्हतं. त्याला कळलेलं नाही, असं तिला वाटलं, आणि तिनं त्या जळत्या चितेपुढं मनाशी गाठ मारली की हे ह्याला जन्मात कळता कामा नये. 'मीच माझ्या दादाला मारला,' हे ज्याला कळेल ते पोर कृष्णेचा डोह जवळ केल्याशिवाय राहील का?

तिसऱ्या दिवशी दिवाणजी कागद घेऊन आला. "तक्रार केलीत तर चौकशी होणार, बाई. राखणीला कोण होतं, हे सगळ्यात आधी विचारतील." मग त्यानं कागद वाचून दाखवला. धुळा आमच्या कामावर नव्हता... हळद चोरण्याच्या इराद्यानं तो पेवात उतरला... आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही! ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरची काडी उचलली नाही, त्या नवऱ्याला चोर म्हणायचं होतं. तानुबाईनं डोळे मिटले आणि अंगठा उठवला.

त्याच संध्याकाळी अर्जुना आपली वळकटी उचलून मामांच्या घरी राहायला गेला. पुन्हा तो तिच्याशी बोलला नाही. पाणवठ्यावर बायका तिला बघून थुंकायच्या, 'नवऱ्याला चोर ठरवून आली बया!' म्हणायच्या. शेवटी वर्षभरानं ती सांगली सोडून मलकापूरच्या खाणावळीत भांडी घासायला आली. दोन वर्षांपूर्वी अर्जुनाचं लग्न झालं त्याचं आवतणसुद्धा तिला आलं नाही. मलकापूरच्या बाजारात कुणा तिऱ्हाइताकडून कळलं, आणि तिनं एकटीनंच मूठभर गूळ तोंडात टाकला होता.

"तू येऊन येवढंच सांग, का त्यो कागद खोटा हाय," ज्योतिबामामा म्हणत होते.

"आन् मग सायेब इचारंल, खरं काय झालं."

"इचारंलच की."

"मला न्हाई जमायचं मामा." तिनं पातेलं पुन्हा घासायला घेतलं. "लई दमले मी... तुमी जावा."

मामांनी तिला गळ घातली नाही. गुडघ्यांवर हात टेकत ते उठले, चार पावलं गेले आणि थांबले. "गेल्या म्हैन्यात आणिक एक जण गेला. जतकडचा. बायकू सात म्हैन्यांची पोटुशी हाय. तिच्याफुडं बी कागद आलाय, पोरी. तुझाच कागद. नाव तेवढं बदललंय."

तानुबाईचे हात थांबले. आपण एक अंगठा एकदाच दिला, आपल्या पोरासाठी दिला, तो आपल्यापुरताच होता असं मानून ती चार वर्षं जगत होती. आणि त्यांनी त्याचा साचा करून ठेवला होता! आता ती जतची पोर पोटातल्या जिवासकट आपल्या धन्याला चोर म्हणणार, मग तिसरी, मग चौथी... अरे देवा, कुठवर!

ती उठली. राखेचे हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "चला."

कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी उभीच होती. गाडीत जागा चिक्कार होती, तरी अर्जुना अख्ख्या वाटेत दांडा धरून दाराशी उभा राहिला. तानुबाई मागून त्याची पाठ बघत होती. बाविसाव्या वर्षीच त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. युनियन, मोर्चे, ह्याच्या-त्याच्या झोपडीत जाऊन नावं लिहून घेणं... पोर हाडांचा सापळा झालं होतं. 'बायकू जेवायला घालती का न्हाई ह्येला?' असं तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू आलं.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस होता, पाटांतून पाणी वाहत होतं. तानुबाई विचार करून थकली. कागद खोटा म्हणायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगितलं तर अर्जुना मरणार. त्रेचाळीस घरं एका बाजूला, एकलं पोर दुसऱ्या बाजूला... इस्लामपूर मागं पडलं तेव्हा तिला वाट दिसली. तशी सोपीच होती. एवढी बदनामी अंगावर आहे, तीत आणखी एकीनं काय बिघडणार! बुडत्याचा पाय खोलात, म्हणतात ना...

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत दाटी झाली होती. टेबलामागं साहेब, उजवीकडं पेढीचे दिवाणजी, डावीकडं मामा आणि अर्जुना, आणि दारात, व्हरांड्यात, पायऱ्यांवर पेवांतली माणसं. तानुबाई आत शिरली तशी कुजबुज उठली. कुणीतरी "आली बघा सती!" असंही म्हणालं. तिनं पदर डोक्यावर नीट ओढला.

"बाई, हा अंगठा तुमचा?" साहेबांनी विचारलं.

"माझाच हाय. पर कागद खोटा हाय, सायेब. माझं मालक चोर नव्हतं. ह्या दिवाणजीनं त्यांस्नी कामाला उतरवलं, आन् कंदील बी सोडू दिला न्हाई."

व्हरांड्यात एकच गलका झाला. दिवाणजी मात्र गालातल्या गालात हसला. "साहेब, विचारा तर ह्या बाईंना! रात्रभर उघड्या असलेल्या पेवात माणूस मरतो कसा? आणि त्या रात्री राखणीला कोण होतं, तेही सांगू द्या!" आणि त्यानं सावकाश मान वळवून अर्जुनाकडं पाहिलं.

चार वर्षांपूर्वीची तीच धमकी मेल्यानं पुन्हा काढली होती! तानुबाई एक पाऊल पुढं सरकली.

"पेव मी झाकलं, सायेब."

"तुम्ही?"

"व्हय. आभाळ आलं म्हणून मीच ताडपत्री वढली. मी आडाणी बाई, मला काय ठावं! माझ्या हातनं माझं मालक गेलं, म्हणून भिऊन अंगठा दिला. जे काय शासन आसंल त्ये मला करा. पर ही माणसं कामगार हायत, त्यांची नावं घ्या..."

"खोटं!"

खुर्ची कोसळल्याचा आवाज झाला. अर्जुना उभा राहिला होता.

"खोटं बोलती ती, सायेब! पेव मी झाकलं!"

"गप रं तू!" तानुबाई ओरडली. "सायेब, त्येचं आयकू नगा! पोर हुतं त्ये, झोपलं हुतं, त्येला काय बी म्हायती न्हाई..."

"मला समदं म्हायती हाय!" अर्जुनाचा आवाज फाटला. "वैनी, तू आता बोलू नगं... लई झालं गं! सायेब, दादानं मला इचारलं, उघडंच हुतं न्हवं? आन् मी व्हय म्हणालो! नदीवर मामा बोलले, कुणीतरी झाकलं आसणार, तवाच मला कळलं. त्याच घटकंला! आन् हिनं अंगठा कुणापायी दिला त्ये बी कळलं. चार वर्सं लोकं हिच्या तोंडावर थुकली, आन् मी... मी गप बसलो. माझ्या भावाला चोर म्हणू दिलं मी! युनियन, युनियन करत हिंडलो, वाटलं, आणिक कुणाचा जीव वाचवला तर फिटंल... न्हाई फिटलं, सायेब!"

त्याला माहीत होतं... पहिल्या दिवसापासून माहीत होतं! जे त्याच्यापासून लपवायला तानुबाईनं आपला जन्म उकिरड्यावर टाकला, ते तो उराशी घेऊनच फिरत होता! मग कुणासाठी केलं आपण हे सगळं?

ज्योतिबामामा हळूच उठले. "सायेब, येकच इचारतो. पेवाचं तोंड झाकू नये, ह्ये ह्या पोराला कुणी सांगितलं हुतं का, त्ये दिवाणजीला इचारा."

"ते मी कशाला सांगू?" दिवाणजी उसळून म्हणाला. "मी राखणीला बसवलं होतं, राखण करायची! शिकवत बसणं हे काय माझं..."

आणि तो थांबला. पण शब्द निघून गेला होता. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे राखणीला तुम्ही बसवलं होतं, आणि पेवात तुम्हीच उतरवलं होतं. मग ही माणसं तुमच्या कामावर नव्हती, असं कसं म्हणता?" साहेबांनी कारकुनाकडं वळून सांगितलं, "लिहा. मयत धुळा, कामगार, कामावर असताना मृत्यू. हा कागद रद्द समजावा. आणि युनियननं दिलेली सगळी नावं आजच नोंदीला घ्या."

कामगार! चार वर्षं 'चोर' ऐकलेल्या तिच्या कानांना तो साधा सरकारी शब्द किती गोड लागला म्हणून सांगावं! व्हरांड्यातली माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, कुणी घोषणा देत होतं. जतची ती पोटुशी पोर तिच्यापाशी आली आणि तिचा हात धरून उभी राहिली. तानुबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गर्दीतून वाट काढत ती बाहेर गेली. तिला आनंद होत होता, पण तो पेलायला अंगात बळ नव्हतं.

कचेरीच्या मागं हापशापाशी ती बसली होती तिथं अर्जुना आला. चार हातांवर थांबला. मग एकदम खाली वाकून त्यानं तिचे पाय धरायला हात पुढं केले, तशी तिनं पाय मागं घेतले.

"शिवू नगंस."

"वैनी..."

"ठावं हुतं तुला. आन् तू माझ्या दारावरनं मान खाली घालून जात हुतास. लगीन केलंस, मला हळदीचं बोट न्हाई दावलंस! अर्जुना, माझं कुकू गेलं, त्येचा तुझ्यावर कवाच राग नव्हता रं. तू ल्हान हुतास. तुझ्या हातनं चूक झाली. पर ही चार वर्सं... ह्यी तर तू मोठा झाल्यावरची हायत!"

"तुझ्या तोंडाकडं बघवंना झालं मला." तो मातीत बसून बोलत होता. "रोज ठरवायचो, आज जातो, आज सांगतो. वाटायचं, सांगितलं तर तू म्हणशील, जाऊ दे लेकरा. आन् त्ये मला आयकवणार न्हाई. तू मारलं आसतंस तर आलो आसतो गं!"

तानुबाईनं हात उगारला. खरंच उगारला, चांगला कानशिलात द्यायचा म्हणून! पण तो तसाच सावकाश खाली आला आणि त्याच्या त्या अवेळी पिकलेल्या केसांवर टेकला. घोषणा थांबल्या, माणसं पांगायला लागली, हापशाखालच्या डबक्यावर चिमण्या उतरल्या.

"वैनी, घरी चल," शेवटी तो म्हणाला.

"चलंन की. पर आदी येक काम ऱ्हायलंय आपलं."

"कसलं?"

"तू मला तोंड दावायच्या भयानं रडला न्हाईस, आन् मी तुझ्या काळजीनं." ती म्हणाली. "तुझा दादा गेला, त्येच्यासाठी आपुण दोघं मिळून अजून रडलोच न्हाई रं, अर्जुना!"

"दादा रं...!" म्हणून अर्जुना असा हंबरडा फोडून तिच्या मांडीवर कोसळला, की व्हरांड्यातले ज्योतिबामामा धावत आले, आणि दोघांना बघून कोपऱ्यावरच थांबले. तानुबाईनं त्याला पोटाशी ओढून धरलं आणि आपला पदर डोळ्यांना न लावता ती मोकळ्या गळ्यानं रडू लागली. मामांनी वळून बाकीच्या माणसांना हातानंच लांब थांबायची खूण केली.